पेशीला थांबवणारी आणि घडवणारी जनुकं

(शिरूर आणि दौंड इथे झालेल्या दोन व्याख्यानांचं हे एकत्रित शब्दांकन आहे. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. श्रोत्यांचे प्रश्न शेवटी दिले आहेत.)



आजचा विषय नावाला जड आहे : ट्यूमर सप्रेसर जनुकं आणि पेशींची घडण. पुस्तकी मराठीत त्यांना अर्बुदरोधक जनुकं म्हणतात. अर्बुद म्हणजे गाठ. आपण आज सरळ ‘गाठरोधक जनुकं’ म्हणू, बोलायला सोपं जाईल.

सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. ही जनुकं शरीरात कशासाठी आहेत? नावावरून वाटतं, कॅन्सर रोखण्यासाठी. पण जरा थांबून बघा. यांतलं सगळ्यात आधी हाती आलेलं मानवी जनुक म्हणजे आरबी. त्याचा भाऊबंद वनस्पतींमध्येही आहे. १९९०च्या दशकात तो मक्यात सापडला आणि नंतर इतर वनस्पतींतही. आता शिरूर-दौंडच्या माणसांना आम्ही विचारतो, कॅन्सर होऊन ऊस मेला असं कोणी ऐकलंय का? झाडाला गाठ येते, नाही असं नाही. पण झाडाच्या पेशी भिंतीत बंद असतात. जागा सोडून दुसरीकडे जाऊन त्या पसरू शकत नाहीत. मग झाडाला हे जनुक कशाला हवं?

याचं उत्तर आजच्या सगळ्या बोलण्याचा गाभा आहे. या जनुकांचं मूळ काम एका पेशीपासून पूर्ण जीव घडवण्याचं आहे. कोणत्या पेशीनं कधी वाढायचं, कधी थांबायचं आणि थांबून काय व्हायचं, यात त्यांचा हात असतो. ते काम बिघडलं की गाठ येते. आपली त्यांच्याशी ओळख बिघाडातून झाली, म्हणून नाव तसं पडलं.

एक पेशी, दोनशे कामं

आईच्या पोटात गर्भाची सुरुवात एका पेशीपासून होते. मोठ्या माणसाच्या शरीरात अंदाजे ३७ लाख कोटी पेशी असतात आणि त्यांचे २००च्या आसपास प्रकार मानले जातात. कातडीची पेशी वेगळी, मज्जातंतूची वेगळी, रक्तातली वेगळी. गंमत अशी की जवळजवळ सगळ्यांच्या आत डीएनए तोच असतो. फरक इतकाच, की कोणत्या पेशीत कोणती जनुकं चालू आहेत आणि कोणती बंद. कच्च्या पेशीनं एक काम पत्करून पक्कं होणं, याला विभेदन म्हणतात.

दौंडकरांना यासाठी वेगळं उदाहरण द्यायला नको. पुण्याहून गाडी दौंडला येते. इथून एक मार्ग सोलापूरकडे, एक नगर-मनमाडकडे आणि एक बारामतीकडे जातो. सांधा ज्या बाजूला लावला असेल, गाडी तिकडे जाणार. भिगवण मागे पडल्यावर गाडी मधेच बारामतीकडे वळत नाही. पेशीचंही तसंच. प्रत्येक टप्प्यावर एक सांधा बदलतो आणि मागचे रस्ते बंद होत जातात.

पण पेशीला आणखी एक गोष्ट करावी लागते, ती म्हणजे विभागणं सोडणं. एकीच्या दोन, दोनाच्या चार, हे चालू आहे तोवर पेशी कच्ची असते. हृदयाच्या स्नायूची किंवा मेंदूतली पेशी एकदा पक्की झाली की ती जवळजवळ विभागत नाही. म्हणजे ‘थांब’ आणि ‘आता तू ही हो’ असे दोन निरोप पेशीला जवळपास एकाच वेळी मिळावे लागतात. गाठरोधक जनुकं या दोन्ही निरोपांच्या जागी उभी असतात. म्हणून त्यांना नुसता ब्रेक म्हटलं तर अर्धीच गोष्ट सांगितली जाते. ब्रेकही तेच आणि सांध्यावरचा माणूसही बऱ्याचदा तोच.

आरबी : डोळ्यातून झालेली ओळख

लहान मुलांच्या डोळ्याच्या पडद्याला, म्हणजे दृष्टिपटलाला, होणारा एक कॅन्सर आहे. त्याचं नाव रेटिनोब्लास्टोमा. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला तो होतो आणि बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतच दिसतो.

१९७१ साली आल्फ्रेड नुडसन या अमेरिकन डॉक्टरांनी अशा ४८ मुलांच्या नोंदी तपासल्या. काही मुलांना दोन्ही डोळ्यांत आणि फार लहानपणी गाठी होत्या, आणि त्यांतल्या काहींच्या घरात हा आजार आधी झालेला होता. काहींना एकाच डोळ्यात, थोड्या उशिरा आणि घरात कुणालाच नाही. नुडसननी आकडे मांडून असा निष्कर्ष काढला की गाठ व्हायला दोन घाव लागतात. प्रत्येक पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक प्रत बिघडली तरी दुसरी काम सांभाळते. दोन्ही गेल्या की पेशी सुटते. ज्या मुलाच्या सगळ्या पेशींत जन्मापासूनच एक प्रत बिघडलेली आहे, त्याला एकच घाव पुरतो. म्हणून गाठी लवकर, आणि दोन्ही डोळ्यांत. तेव्हा हे जनुक कुणी पाहिलंही नव्हतं. १३व्या गुणसूत्रावरचं ते जनुक हाती आलं १९८६ साली.

ते करतं काय? पेशीत ई-टू-एफ नावाची प्रथिनं असतात. विभागणीची जनुकं चालू करणं हे त्यांचं काम. आरबीचं प्रथिन त्यांना धरून ठेवतं. बाहेरून वाढीचा निरोप आला की सायक्लिन डी आणि त्याच्या जोडीदार प्रथिनांमुळे आरबीवर फॉस्फेट चिकटतात, त्याची पकड सैल होते आणि विभागणी सुरू होते. पेशी पक्की व्हायची असेल तेव्हा ही पकड घट्टच राहते. एवढंच असतं तर तो ब्रेक झाला. पण स्नायू घडवणारं मायो-डी नावाचं प्रथिन नीट काम करायलाही आरबी लागतो, आणि हाडाच्या पेशी घडवणाऱ्या प्रथिनालाही तो हात देतो. म्हणजे तो थांबवतो आणि घडवतोही.

याचा पुरावा उंदरांनी दिला. १९९२ साली तीन प्रयोगशाळांनी आरबीच्या दोन्ही प्रती नसलेले उंदीर तयार करायचा प्रयत्न केला. ती पिल्लं जन्मालाच आली नाहीत, गर्भाच्या मध्यावर गेली. त्यांच्या लाल रक्तपेशी नीट पक्क्या होत नव्हत्या आणि मज्जासंस्थेतल्या पेशी मरत होत्या. गोष्ट इथे संपली नाही. २००३ साली दिसलं की मोठा दोष वारेत होता. वारेच्या पेशी वेळेवर थांबत नव्हत्या, त्यामुळे गर्भाला पोषण पोचत नव्हतं. अशा गर्भांना निरोगी वार मिळेल अशी सोय केली, तेव्हा ते जन्मापर्यंत टिकले. पण स्नायू नीट घडले नव्हते आणि जन्मानंतर लवकरच ते गेले. बघा, इथे कॅन्सरचा संबंध अजून आलेलाच नाही. आरबी नसेल तर जीवच उभा राहत नाही.

मग डोळ्याची गाठ लहान मुलांनाच का, हेही आता कळतं. दृष्टिपटलातल्या पेशी गर्भात आणि जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात पक्क्या होत असतात. धोका आहे तो या घडण्याच्या काळात. पेशी पक्क्या झाल्या की तो दरवाजा बहुतांशी बंद होतो.

हाच नियम मूत्रपिंडात दिसतो. डब्ल्यूटी-१ नावाच्या जनुकात बिघाड झाला तर लहान मुलांना विल्म्स ट्यूमर नावाची मूत्रपिंडाची गाठ होऊ शकते. १९९३ साली हे जनुक नसलेले उंदराचे गर्भ तपासले तर त्यांच्यात मूत्रपिंडच तयार झालेलं नव्हतं. तीच गोष्ट आतड्यात. आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं. खालच्या खळग्यात कच्च्या पेशी जन्मतात, वर सरकत सरकत पक्क्या होतात आणि टोकाला गळून पडतात. एपीसी नावाचं जनुक त्यांना वर जाताना ‘आता पुरे’ सांगतं. ते बिघडलं की पेशी कच्च्याच राहतात, साचतात आणि तिथे पॉलिप तयार होतो.

पी-५३ : मागे फिरू न देणारा

दुसरं मोठं नाव पी-५३. हे प्रथिन १९७९ साली सापडलं. सुमारे दहा वर्षं शास्त्रज्ञ त्याला कॅन्सर वाढवणारं समजत होते, कारण अभ्यासात वापरलेल्या प्रती आधीच बिघडलेल्या होत्या. १९८९ साली चित्र उलटं झालं. आज आपल्याला माहीत आहे की माणसाच्या जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये हे जनुक बिघडलेलं असतं.

डीएनएला इजा झाली की पी-५३ जागं होतं. पेशीला थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं आणि दुरुस्ती होत नसेल तर पेशीला मरायला लावतं. हे आपण वर्तमानपत्रातही वाचतो. घडणीशी त्याचा संबंध थोडा कमी ऐकायला मिळतो.

गर्भातल्या मूलपेशींमध्ये नॅनॉग नावाचं एक प्रथिन असतं, पेशीला कच्चं ठेवणारं. मूलपेशीच्या डीएनएला इजा झाली तर पी-५३ नॅनॉगला बंद करतं. म्हणजे काय? इजा झालेली पेशी सगळ्या शरीराची आई होऊ नये, ती एखाद्या कामाला लागून संपून जावी. उलट बाजूनंही पाहिलं गेलं. जपानच्या शिन्या यामानाकांनी पक्क्या पेशीला पुन्हा कच्चं करण्याची युक्ती २००६ साली उंदरांत दाखवली. पुढे २००९ साली अनेक प्रयोगशाळांना असं दिसलं की पी-५३ काढून टाकलं तर हे मागे फिरणं बरंच सोपं होतं. एरवी पी-५३ पेशीला मागे फिरू देत नाही. कॅन्सरची पेशी नेमकं तेच करते, मागे फिरते, आपलं काम विसरते.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. पी-५३ नसलेले उंदीर बहुतेक वेळा धडधाकट जन्मतात. काही पिल्लांत मेंदूची नळी नीट मिटत नाही, पण बरीचशी ठीक असतात. सहा महिन्यांच्या आत मात्र बहुतेकांना गाठी होतात. म्हणजे सगळी गाठरोधक जनुकं घडणीत सारखाच वाटा उचलत नाहीत. आरबीशिवाय जीव उभा राहत नाही. पी-५३शिवाय राहतो, पण टिकत नाही.

पुण्यातलं काम

आता जरा घराजवळ येऊ. पुण्यात गणेशखिंडला विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. तिथे समित चट्टोपाध्याय आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी स्मार-१ नावाच्या प्रथिनावर अनेक वर्षं काम केलं. हे प्रथिन मुळात उंदराच्या थायमस ग्रंथीतल्या पेशींत सापडलं होतं. या ग्रंथीत आपल्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, शिकून तयार होतात.

स्मार-१ डीएनएच्या धाग्याला पेशीकेंद्राच्या आतल्या सांगाड्याशी बांधतं. धागा कुठे बांधला, यावर कोणती जनुकं वाचली जातील हे ठरतं. पुण्याच्या गटानं दाखवलं की स्मार-१ हे पी-५३ला टिकवून धरतं आणि सायक्लिन डी-१चं जनुक बंद ठेवतं. सायक्लिन डी आठवतंय ना? आरबीची पकड सैल करणारं. म्हणजे हे एकच प्रथिन पी-५३ आणि आरबी या दोघांचेही हात बळकट करतं. आणि त्याच गटाला पुढे दिसलं की टी-पेशींनी कोणत्या प्रकारची लढाऊ पेशी व्हायचं, या निवडीतही त्याचा भाग आहे. गाठ रोखणं आणि पेशी घडवणं, दोन्ही कामं एकाच ठिकाणी. त्याचं मानवी जनुक १६व्या गुणसूत्रावर ज्या भागात आहे, तो भाग स्तनांच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा हरवलेला आढळतो.

पुण्याचं आणखी एक नाव घ्यायलाच हवं. कमल रणदिवे. जन्म पुण्यात, १९१७ साली. शिक्षण हुजूरपागा आणि फर्ग्युसनमध्ये. मुंबईला डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी कॅन्सरवर संशोधन केलं. नंतर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या काम करून आल्या आणि मुंबईत त्यांनी पेशी बाटलीत वाढवण्याची, म्हणजे ऊतीसंवर्धनाची, देशातली पहिली प्रयोगशाळा उभी केली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

जॉर्ज गाय यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गाठीतून घेतलेल्या पेशी वाढल्या. त्यांना हीला पेशी म्हणतात आणि आजही त्या जगभर वाढत आहेत. त्या पेशी घेताना तिला विचारलं गेलं नव्हतं, हेही लक्षात ठेवू. तिला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता. आणि आजच्या विषयाचा सगळ्यात उपयोगी भाग तिथूनच सुरू होतो.

पिशवीच्या तोंडाशी काय घडतं

गर्भाशयाच्या तोंडाला, ज्याला बायका पिशवीचं तोंड म्हणतात, पेशींचे थर असतात. तळाच्या थरातल्या पेशी विभागतात. वर सरकताना त्या विभागणं सोडतात, चपट्या होतात आणि शेवटी गळून जातात. म्हणजे दर काही दिवसांनी तिथे एक छोटं विभेदन पार पडत असतं, जन्मभर.

एचपीव्ही नावाचा विषाणू बारीकशा ओरखड्यातून तळाच्या थरात शिरतो. त्याला आपल्या प्रती काढायच्या असतात वरच्या थरात. पण तिथल्या पेशींनी विभागणी सोडलेली असते, डीएनएच्या प्रती काढायची त्यांची यंत्रणा बंद असते. मग विषाणू ती जबरदस्तीनं चालू करतो. त्याचं ई-७ नावाचं प्रथिन आरबीला निकामी करतं. पण बेवेळ विभागणी सुरू झाली की पी-५३ बोंब मारणार. म्हणून ई-६ नावाचं दुसरं प्रथिन पी-५३ नष्ट करवतं. या दोघांच्या जोरावर पक्की व्हायला निघालेली पेशी कच्चीच राहते.

इथे दोन्ही जनुकं शाबूत असतात, हे लक्षात घ्या. हीला पेशींत एचपीव्हीचा १८ क्रमांकाचा प्रकार आहे, पण त्यांचं स्वतःचं आरबी आणि पी-५३ जागेवर आहे. प्रयोगशाळेत या पेशींमधली ई-६ आणि ई-७ बंद केली, तेव्हा इतकी दशकं न थांबलेल्या त्या पेशी विभागायच्या थांबल्या. ब्रेक मोडलेला नव्हता, कुणीतरी दाबून धरला होता.

हा संसर्ग फार सर्रास होणारा आहे आणि बहुतेक वेळा एक-दोन वर्षांत शरीर तो घालवतं. काही जणींत तो टिकतो. टिकला तरी कॅन्सर व्हायला साधारण १० ते २० वर्षं लागतात. एचपीव्ही आणि या कॅन्सरचं नातं दाखवल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. १६ आणि १८ हे दोन प्रकार मिळून या कॅन्सरच्या सुमारे ७० टक्के रुग्णांना कारण असतात.

ही १०-२० वर्षं म्हणजे आपल्याला मिळालेली संधी आहे. ती वापरता येते का, हे जगाला दाखवलं आपल्या शेजारच्या मुलखानं. दौंडहून सोलापूरच्या गाडीनं कुर्डुवाडी, तिथून बार्शी. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर रुग्णालयानं टाटा मेमोरियलच्या मदतीनं १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू केली. पुढे १९९९पासून उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. गावांचे ५२ समूह करून चार गट पाडले. एका गटाची एचपीव्ही चाचणी, एकाची पेशी घेऊन तपासणी, एकाची व्हिनेगर लावून पाहणी, आणि एका गटाला नेहमीचीच सेवा.

निकाल २००९ साली प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४,१२६ स्त्रियांपैकी या कॅन्सरनं ३४ गेल्या. चौथ्या गटात ३१,४८८ पैकी ६४. फक्त एकदा केलेली चाचणी आणि गरजेप्रमाणे उपचार, एवढ्यानं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. चौथ्या गटाला तपासणी दिली नाही, यावर पुढे नैतिक आक्षेपही घेतले गेले, आणि ते आक्षेप विसरून चालणार नाही. त्या बायकांमुळे आज जगभरच्या बायकांची तपासणी कशी करावी हे ठरतं आहे.

आणि दुसरं साधन लस. दौंडहून पुण्याला लोकलनं जाताना मांजरी आणि हडपसर लागतं. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवलेली सर्व्हाव्हॅक ही एचपीव्हीची भारतीय लस २०२३ च्या जानेवारीत बाजारात आली. लस विषाणूला शिरण्याआधी अडवते, म्हणून ती संसर्ग होण्याआधी, मुलगी ९ ते १४ वर्षांची असताना देणं सगळ्यात चांगलं. आधी झालेला संसर्ग ती घालवत नाही. म्हणून लेकीला लस आणि आईला तपासणी, असं सोपं सूत्र ठेवा.

श्रोत्यांचे प्रश्न

शिरूरला एका शिक्षिकाताईंनी विचारलं : जनुकांमुळे होतो म्हणजे कॅन्सर आनुवंशिकच झाला ना?

नाही, ताई. बिघाड जनुकातच होतो, पण बहुतेक वेळा तो आयुष्यात, एखाद्याच पेशीत होतो आणि पुढच्या पिढीत जात नाही. आईवडिलांकडून बिघडलेली प्रत मिळाल्यामुळे होणारे कॅन्सर ढोबळमानानं शंभरात ५ ते १० असतात. आपल्याकडे मिश्री आणि गुटखा पाहा. तंबाखूतली रसायनं डीएनएला इजा करतात, आणि पी-५३चं जनुक त्यातून सुटत नाही. मिश्री लावणाऱ्या आजीचं काही आनुवंशिक नसतं. रोज सकाळी हिरड्यांच्या पेशींवर घाव बसत असतात. तोंडात न बरी होणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड उघडायला त्रास, असं काही असेल तर दाखवून घ्या.

दौंडला एका आजोबांनी विचारलं : बाळाच्या डोळ्याचा जो आजार सांगितला, त्याला आमच्याकडे लोक म्हणतात, आईनं ग्रहण पाळलं नाही.

आजोबा, हे बरं झालं विचारलंत. ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही, आणि आईच्या खाण्यापिण्यानं हा बिघाड होत नाही. एका डोळ्यात गाठ असलेल्या बऱ्याच मुलांत दोन्ही घाव बाळाच्याच पेशीत, आपसूक बसलेले असतात. दोष आईला देण्यात जे आठवडे जातात, ते बाळाच्या डोळ्याचे आणि जिवाचे असतात. बाळाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली, अंधारात मांजराचा डोळा चमकावा तशी, किंवा मोबाइलच्या फ्लॅशच्या फोटोत एका डोळ्यात लालऐवजी पांढरा ठिपका वारंवार आला, किंवा नव्यानं तिरळेपणा दिसला, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. कारण दुसरंही असू शकतं, मोतीबिंदू असू शकतो, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या. वेळेत उपचार झाले तर बहुतेक मुलं वाचतात. आणि ज्याला लहानपणी हा आजार आनुवंशिक प्रकारात होऊन गेला, त्याच्या प्रत्येक अपत्याला बिघडलेली प्रत मिळण्याची शक्यता निम्मी असते. अशा घरात मूल जन्मल्याबरोबर डोळे तपासायला हवेत. हे लपवू नका, सोयरिकीच्या भीतीनं तर मुळीच नाही.

एका कॉलेजच्या विद्यार्थ्यानं विचारलं : सर, मग बिघडलेलं जनुक परत घालता येत नाही का? किंवा कच्च्या पेशीला पक्की करता येत नाही?

पहिल्याचं उत्तर : प्रयत्न झाले. चीननं २००३ साली पी-५३ पोचवणाऱ्या एका उपचाराला परवानगीही दिली. पण शरीरातल्या प्रत्येक बिघडलेल्या पेशीत जनुक पोचवणं अजून जमलेलं नाही, आणि एक पेशी सुटली तरी आजार परत येतो. दुसऱ्याचं उत्तर जास्त आशादायक आहे. रक्ताच्या कॅन्सरचा अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया नावाचा एक प्रकार आहे. त्यात पीएमएल नावाचं एक गाठरोधक जनुक तुटून दुसऱ्या जनुकाला चिकटतं आणि पांढऱ्या पेशी अर्ध्या रस्त्यात अडकतात. शांघायच्या डॉक्टरांनी २४ रुग्णांना अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं एक औषध दिलं आणि १९८८ साली निकाल छापले. त्या अडकलेल्या पेशी पुढे सरकल्या, पक्क्या झाल्या आणि आपोआप संपल्या. पूर्वी झपाट्यानं जीव घेणारा हा आजार आज बहुतांश रुग्णांत बरा होतो. पेशी न मारता, तिला तिच्या कामाला लावून. म्हणून कुणी घरी अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या खाऊ नका हं. हे औषध वेगळं आहे, ते रुग्णालयात, देखरेखीखालीच देतात. बाकीच्या कॅन्सरमध्ये असा सांधा शोधण्याचं काम चालू आहे. तुमच्यापैकी कुणी ते करावं, अशी आमची इच्छा आहे.

शेवटचा प्रश्न एका ताईंनी चिठ्ठीवर पाठवला होता : तपासणीला जायची लाज वाटते, आणि काही त्रासही होत नाही. मग जायचं कशाला?

ताई, त्रास होत नाही तेव्हाच जायचं. त्या १०-२० वर्षांत पेशी नुसत्या कच्च्या राहिलेल्या असतात, गाठ झालेली नसते. त्या टप्प्यावरचा उपचार लहान असतो आणि पिशवीही बहुधा वाचते. रक्तस्राव सुरू झाल्यावर जाणं म्हणजे गाडी बरीच पुढे गेल्यावर सांधा शोधणं. एकटीनं जायला संकोच वाटत असेल तर चौघी-पाचजणी मिळून जा, गावातल्या आशाताईंना बरोबर घ्या. धाराशिवच्या खेड्यांतल्या बायका अशाच गेल्या होत्या. तपासणीला काही मिनिटं लागतात.

आज इथेच थांबू.